आधी पाण्याला विरजण, मग मासे



मागच्या महिन्यात दर्यापूरकडच्या एका गटातल्या ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं विहिरीला पाणी आहे, पण खारं. पिकाला चालत नाही, प्यायला चालत नाही. तुमच्या गटानं समुद्रातले शोभेचे मासे पाळले असं ऐकलं. मग आमच्या खाऱ्या पाण्यात ते जगतील का?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे, पण ते शेवटी. आधी आमची फजिती सांगते. ती ऐकल्याशिवाय उत्तर दिलं, तर तुम्हीही आमच्यासारखेच पैसे पाण्यात घालाल. आणि आमचं नुसते पैसे जाऊन भागलं नव्हतं.

मोझरीजवळच्या एका गावातला हा आमचा गट. बारा बायका, सहा वर्षांची बचत, परतफेड चोख. दिवाळीच्या आधी एक व्यापारी भेटला. नारिंगी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे असलेले छोटे मासे त्यानं मोबाइलवर दाखवले. मुलांच्या सिनेमातला मासा म्हणून आपल्या पोरांना तो ठाऊक असतो. त्याचं नाव क्लाउन मासा. हा समुद्रातला मासा आहे आणि त्याला खारं पाणी लागतं. पिल्लं आम्ही वाढवायची, मोठी झाली की तो विकत घेणार, असं ठरलं. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. दोनशे लिटरची काचेची टाकी, हवेचा पंप, गाळणी आणि समुद्राचं पाणी तयार करायचं मीठ आणलं. काम पाहायची जबाबदारी गटातल्या एका ताईंवर दिली. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. दोन लेकरं पदरात, शेत नाही. कर्जाचा मोठा वाटा त्यांच्याच नावावर होता.

शनिवारी टाकी भरली. पाणी इतकं निर्मळ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. रविवारी बारा मासे आले. त्या ताईंनी आपल्या हातानं पाण्यात सोडले. बुधवारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. पुढच्या रविवारी टाकीत एकही मासा जिवंत नव्हता.

बैठकीत एकजण म्हणाली, "पानी तर आरशावानी होतं, मंग मासे मेले काहून?" कोणालाच उत्तर देता येईना. आणि जिथं उत्तर नसतं, तिथं काय होतं हे तुम्हा-आम्हा बायकांना सांगायला नको. दुसरी हळूच म्हणाली, "मासे सोडले कोणाच्या हातानं?" एवढंच. पुढं कोणी बोललं नाही. पण सगळ्यांच्या नजरा एकीकडं गेल्या. त्या ताई उठून पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

मी समन्वयक. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी गप्प बसले. कारण मासे का मेले, ते मलाही ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मी आज मुद्दाम रेडिओवर सांगते आहे.

व्यापारी म्हणाला, "असं होतं कधीकधी. पुन्हा भरा, थोडे दिवस थांबा." या वेळी त्यानं जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू दिली आणि ती तळाशी टाकायला सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. मार्गशीर्षात आम्ही टाकी पुन्हा भरली. तीन आठवडे गेले. पाणी जरा गढूळलं, काचेवर तपकिरी थर आला. आणि एक दिवस त्या थरावर पांढरे ठिपके दिसले. बघावं तर ते हलत होते! राईच्या दाण्याहून बारीक, आणि टुणकन उडी मारत होते. गटात एकच ओरड झाली, "पाण्यात किडे पडले! उवा पडल्या!" एकजण म्हणाली, "आपण गाडगेबाबांच्या मुलखातल्या, अन् एवढी घाण ठेवायची?" दोघींनी टाकी रिकामी केली, वाळू फेकली, ब्लीचिंग पावडरनं काच घासून काढली आणि नवं पाणी भरलं. टाकी पुन्हा आरशासारखी झाली.

मैत्रिणींनो, आमची खरी चूक कळायला आम्हाला अजून पंधरा दिवस लागले. जे पाणी निर्मळ दिसत होतं, ते कच्चं होतं. आणि जे घाण दिसत होतं, ते तयार होत आलं होतं. तयार होत आलेलं आम्ही आमच्याच हातानं ओतून दिलं.

मत्स्यपालनाचं शिक्षण घेतलेल्या एका ताई आम्हाला भेटल्या. त्यांनी टाकीजवळ बसून सगळं समजावलं. तेच आता मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

सकाळी बंद गोठ्याचं दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना? जनावरांच्या मुतातून निघालेला तो अमोनिया वायू. मासाही अमोनिया बाहेर टाकतो, बराचसा आपल्या कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया निघतो. समुद्र अफाट आहे, तिथं तो विरून जातो. टाकीतून तो जाणार कुठं? पाण्यात साठत जातो. त्याला रंग नाही, म्हणून पाणी निर्मळच दिसतं. पण माशाचे कल्ले आतून जळतात. श्वास घेता येत नाही म्हणून मासा वर येऊन तोंड उघडतो. आमचे बारा मासे असे गेले. दोनशे लिटर कच्च्या पाण्यात एकदम बारा जीव सोडले, अमोनिया साठला, आठ दिवसांत खेळ संपला.

खाऱ्या टाकीत हा धोका जास्त असतो. तुमच्या मातीपरीक्षणाच्या कागदावर सामू लिहिलेला असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो. सामू जितका जास्त आणि पाणी जितकं गरम, तितका अमोनियाचा जहाल भाग वाढतो. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं सांगायला नको.

मग यावर उपाय काय? उपाय तुमच्या शेतात आहे. कपाशीला युरिया टाकला की पीक युरिया जसाच्या तसा फारसा खात नाही. मातीत आधी त्याचा अमोनिया होतो. मग मातीतले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते पीक घेतं. १८९० च्या सुमाराला सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं हे जिवाणू वेगळे करून दाखवले. अशाच प्रकारचे जिवाणू टाकीत गाळणीच्या स्पंजवर, वाळूच्या कणाकणावर, दगडावर वस्ती करतात. ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही माशाला विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्याच प्रमाणात सोसतो. साठलेलं नायट्रेट अधूनमधून थोडं पाणी बदलून कमी करायचं. बस, एवढंच हे चक्र.

पण हे जिवाणू नव्या टाकीत आपोआप भरपूर नसतात. त्यांची वस्ती वाढायला वेळ लागतो. कच्चं शेण रोपाच्या बुडाशी टाकलं तर रोप जळतं, तेच कुजून खत झालं की रोपाला बळ देतं. शेण तेच, मधे गेला तो वेळ. टाकीलाही असाच वेळ लागतो, साधारण चार ते सहा आठवडे. थंडीत जिवाणू सुस्त असतात, तेव्हा आणखी जास्त.

या काळात मासे नकोत, पण जिवाणूंना जेवण हवं. म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं किंवा कच्च्या कोळंबीचा एक तुकडा टाकून ठेवायचा. तो कुजला की अमोनिया होतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासणीचं औषध मिळतं. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. आमच्या संचात अमोनिया नसला तर रंग पिवळा राहतो, असला तर हिरवा होतो. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ काही दिवस आलं की पाणी तयार झालं.

आणि जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू कशासाठी, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते विरजण! भांडंभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, तसंच हे. त्या वाळूवर तयार जिवाणू होते, आणि त्यांच्यासोबत आणखी कोणीतरी होतं. तेच ते आमचे "किडे".

ते किडे नव्हते. झिंगा आणि खेकडा ज्या कुळातले, त्याच कवचधारी कुळातले ते इवले जीव. त्यांना कोपेपॉड म्हणतात. बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे किंवा त्याहून लहान. भिंग लावून पाहिलं तर कोयरीसारखं शरीर, पुढं दोन लांब मिशा आणि मागं फाटलेली शेपटी. मादी असेल तर शेपटीजवळ अंड्यांच्या इवल्या पिशव्या. आमच्या गटात आता एक भिंग आहे. ज्या ताईनं "उवा" म्हणून ओरड केली होती, तीच आता पाहुण्यांना बोलावून अंड्यांच्या पिशव्या दाखवते.

समुद्रात हे जीव अगणित आहेत. पाण्यातली सूक्ष्म शेवाळं ते खातात. त्यांना माशांची पिल्लं खातात, तारली आणि बांगड्यासारखे मासे खातात. आपण पोळीवर भाजी घेतो, तशी समुद्रातल्या माशांच्या ताटात ही मूळ भाजी-भाकर आहे. टाकीत ते काचेवरचा थर, तळाचा गाळ आणि उरलेलं खाणं खातात. म्हणजे बिनपगारी झाडूवाले. त्यांची पिल्लं म्हणजे माशांना ताजा खाऊ.

आता कोणी म्हणेल, पाण्यातले बारीक जीव पाहून आम्ही घाबरलो, यात आमचं काय चुकलं? काहीच चुकलं नाही. ती भीती आपल्या आज्यांनी आपल्याला दिली आहे आणि तिला कारण आहे. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नारू काय होता. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढून काढावा लागायचा. तो शरीरात यायचा कसा? नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय घालायचा, जंताची पिल्लं पाण्यात पडायची आणि सायक्लॉप्स नावाचा इवला जीव ती खायचा. तोही कोपेपॉडच, पण गोड्या पाण्यातला. ते पाणी न गाळता प्यायलं की वर्षभरानं नवा नारू. पाणी गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, हातपंप वापरा, अशी मोहीम देशभर चालली. घरोघरी पाणी गाळलं ते बहुतेक बायकांनीच. भारतातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

म्हणून पिण्याच्या पाण्यातला बारीक जीव गाळून टाकायचा, यात तडजोड नाही. टाकीतला मात्र ठेवायचा. गाडगेबाबांचा खराटा कचरा काढायला होता. पण कचरा कोणता आणि कामाचं काय, हे आधी कळायला हवं.

कोपेपॉड दिसले म्हणजे पाणी तयार झालंच, असं मात्र नाही. खात्री थेंबांच्या तपासणीनंच करायची. पण ते वाढत असतील, पिल्लं घालत असतील, तर पाण्यात जीव धरू लागला आहे एवढं नक्की. आणि ते एकाएकी दिसेनासे झाले, तर काहीतरी बिघडलं आहे का ते लगेच पाहायचं. नव्यानं मासे सोडल्यावर मात्र ते कमी होतातच, कारण मासे त्यांना खातात. म्हणून आधी त्यांना वाढू द्यायचं आणि लपायला दगडांच्या फटी ठेवायच्या. आणखी एक गोष्ट. कोरडं मीठ, कोरडी वाळू आणि कोरडे दगड यांच्यातून कोपेपॉड येत नाहीत. ते जुन्या, निरोगी टाकीच्या वाळूतून किंवा पाण्यातूनच आणावे लागतात.

याच कुळातला आणखी एक जीव माशांच्या धंद्यात लागतो, तो आर्टेमिया. मिठागरांच्या अतिखारट पाण्यात तो राहतो. त्याची अंडी वाळवून डब्यात ठेवता येतात. खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडली की साधारण एका दिवसात पिल्लं निघतात. लहान माशांना ती जिवंत खाऊ म्हणून देतात. आंबट ताकात सोडा टाकून ढोकळा फुगवावा, इतकं ते सोपं नाही, पण दोन-तीनदा केलं की जमतं.

आता आमच्या तिसऱ्या खेपेचं सांगते. संक्रांतीला टाकी भरली. वाळूचं विरजण पुन्हा मागून आणलं. एक वही केली. तारीख, अमोनिया, नायट्राइट, पाण्याचं तापमान आणि काचेवर काय दिसलं, असे पाच रकाने. वही कोणी लिहायची? मी त्या ताईंच्या घरी गेले. आधी माफी मागितली, मग वही दिली. त्या म्हणाल्या, "लिवतो मी, पन मासे मी नाई सोडणार." मी म्हटलं, "वही तर धरा."

दुसऱ्या आठवड्यात रंग गडद हिरवा झाला. चौथ्यात उतरला. काचेवर ठिपके आले, त्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, "पाहुणे आले." सहाव्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही शून्य. होळीच्या दिवशी फक्त दोन मासे आणले. बैठकीत मी सगळा हिशोब वाचून दाखवला. पहिल्या वेळी अमोनिया का साठला, मासे कशानं मेले, हे सांगितलं. इतिवृत्त वहीत तसं लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. "मासे कच्च्या पाण्यामुळे मेले. कोणाच्याही हातामुळे नाही." मग गटाच्या अध्यक्षांनीच माशांची पिशवी त्या ताईंच्या हातात दिली. दोन मासे जगले. पाडव्याला आणखी चार आणले, तेही जगले.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आम्ही शिकलेल्या काही गोष्टी लिहून घ्या.

मीठ. घरातलं आयोडीनचं मीठ चालत नाही. समुद्रात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच क्षार असतात. त्यासाठी वेगळं तयार मिश्रण मिळतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दोनशे लिटरला सुमारे सात किलो. खारेपणा मोजायचं तरंगतं यंत्र मिळतं, त्यावर १.०२५ च्या आसपास काटा हवा. जिभेवर चव घेऊन ठरवू नका.

नळाचं पाणी. त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन जंतू मारतं, तसं आपल्या कामाचे जिवाणूही मारतं. पाणी आधी उघड्या भांड्यात, पंपानं हवा सोडून, निदान एक दिवस ठेवा. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, नाहीतर सगळं विरजण धुऊन जाईल.

उन्हाळा. आमटी आटली की खारट होते. टाकीचंही तसंच. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना खारं नाही, गोडं पाणी भरा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळं टाकी उन्हापासून दूर, थंड खोलीत ठेवा आणि वरून पंख्याचा वारा द्या. वीज गेली की पंप बंद पडतो. माशांना आणि जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवा. आपल्याकडं वीज किती वेळा जाते, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि हात. होय, हात महत्त्वाचा आहे, पण कोणाचा आहे म्हणून नव्हे. आपण कपाशीच्या मुलखातल्या. घरात कोणी ना कोणी फवारणी करून येतं. कीटकनाशकांतली काही औषधं या इवल्या कवचधारी जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात, माशांनाही. फवारणीच्या दिवशी तो हात, तो कपडा, ती बादली टाकीजवळ नको. टाकीची बादली वेगळी ठेवा. त्याच खोलीत डास मारायचा फवारा मारू नका. अशुभ हात नसतो बायांनो, हाताला लागलेलं औषध असतं. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, त्यानंही कोपेपॉड आणि कोळंब्या मरतात. म्हणून आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्या.

सजावटीसाठी कोणी प्रवाळाचा दगड विकायला आणला तर घेऊ नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. साधे स्वच्छ दगड किंवा मातीच्या भाजलेल्या नळ्याही जिवाणूंना पुरतात. आणि बदललेलं खारं पाणी परसबागेत ओतू नका. गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी झाडांना खत ठरतं, खारं पाणी माती बिघडवतं.

आता दर्यापूरच्या ताईंचं उत्तर. ताई, तुमच्या विहिरीचं पाणी खारं आहे, पण ते समुद्राचं पाणी नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर असा हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं पाणी समुद्रापेक्षा बरंच कमी खारं असतं आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाणही वेगळं असतं. देशात अशा जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात बहुतेक ठिकाणी पोटॅशियम कमी पडतं. त्यामुळं क्लाउन मासा त्यात सरळ सोडला तर जगणार नाही. पण दार बंद नाही. हरियाणात रोहतकजवळ लाहली इथं केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथं अशाच खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवून दाखवली आहे. पोटॅशियमची कमतरता भरायला ते तुमच्या ओळखीचंच पोटॅश खत वापरतात. मात्र पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय आणि जाणकाराच्या सल्ल्याशिवाय तळं भरू नका. घरगुती सुरुवात करायची तर मॉली नावाचा मासा खारेपणा चांगला सोसतो. दोन-चार मासे एका छोट्या टाकीत सोडून पाहा. अर्थात, आधी पाण्याला विरजण लागू द्या. आणि ज्यांचं पाणी गोडं आहे त्यांनी गप्पी, मॉलीपासूनच सुरू करा. खर्च कमी, चूक झाली तरी नुकसान कमी, आणि नियम तोच.

हे बायकांना जमतं का? जमतं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिथल्या स्त्रियांना समुद्रातल्या शोभेच्या कोळंब्या वाढवायला शिकवलं आहे. आपल्या राज्यात नवी मुंबईला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्रातल्या शोभेच्या माशांची पैदास होते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरलेला आहे आणि त्यात महिलांसाठी ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन चौकशी करा. पण माझं ऐका. अर्ज करायच्या आधी एक छोटी टाकी भरा, वही करा आणि सहा आठवडे थांबून पाहा. अनुदान आलं म्हणून अमोनिया थांबत नाही. माल विकत घेतो म्हणणाऱ्याकडूनही लेखी घ्या.

आमच्या टाकीत आज सहा मासे आहेत. फार मोठा धंदा झालेला नाही, खोटं सांगणार नाही. कर्ज अजून फिटायचं आहे. पण त्या ताई बैठकीला पुन्हा पहिल्या रांगेत बसतात. परवा शेजारच्या गावातल्या गटाला त्यांनी टाकी दाखवली. एकीनं विचारलं, "पानी तर निर्मळ दिसते, आजच मासे सोडले तर?" त्या म्हणाल्या, "आधी वही दाखव. पानी डोळ्यानं नाई पाहत, थेंबानं पाहतेत."

कोणाच्या घरी काही बिघडलं, म्हैस आटली, पीक गेलं, मासे मेले, की आपण आधी विचारतो, कोणामुळं? त्याऐवजी "कशामुळं?" असं विचारायची सवय लावून घेऊ या. टाकीनं आम्हाला तेवढं शिकवलं.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. नमस्कार. जय गुरुदेव.